यूएसबी मायक्रोस्कोप: आठ महिने वापरल्यावर

खोक्यावर १०००एक्स छापलंय, ते आधी विसरा. ग्राफपेपरच्या रेघा स्क्रीनवर मोजून पाहिल्या. धड चित्र ४०-५० पटीपर्यंतच मिळतं, पुढे नुसतं ताणलेलं. पण मी हा घेतला तो शिकवणीच्या मुलांना किड्यांची मागची टोकं दाखवायला, आणि तेवढ्याला तो पुरून उरतो.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात मालाला तोटा नाही. मोरीत रोज एक तरी झुरळ हजर. पोटाच्या शेवटी दोन बाजूंना गाठीगाठींच्या शेंड्या असतात त्या सर्साय, नरमादी दोघांनाही. त्यांच्या आतल्या बाजूला, नवव्या स्टर्नमवरून, म्हणजे पोटाच्या नवव्या खंडाच्या खालच्या पट्टीवरून, निघालेल्या बिनगाठीच्या दोन बारीक काड्या म्हणजे स्टाइल, त्या फक्त नराला. वीस वर्षं फळ्यावर हेच लिहीत आलो. जूनमध्ये एका मुलीनं बिनपंखांचं पिल्लू भिंगाखाली धरलं. "सर, नर!" दुसरं धरलं, तेही नर. पाचही नर निघाल्यावर मला शंका आली. रात्री पुस्तकं उघडली, तर पिल्लूपणी मादीलाही स्टाइल असतात, कात टाकत मोठी होताना त्या जातात. आता 'फक्त प्रौढ नराला' असं लिहितो.

उजेड तिरपा दिला तर सर्सायवरचे केसही दिसतात. हवा हलली की आधी यांना कळतं, म्हणून तर चप्पल पोचायच्या आत झुरळ पसार.

यंत्राचा स्वतःचा उजेड मात्र वैताग आहे. चकचकीत कवचावर आठ दिव्यांचे आठ पांढरे ठिपके, नेमके हवं तिथेच. मिठाईच्या खोक्यातल्या बटर पेपरची गुंडाळी करून तोंडाला लावली, तेव्हा ते गेले. स्टँड हलका, शेजारच्या खोलीत कुणी झोपाळ्यावर बसलं तरी चित्र डोलतं. रातकिड्याच्या मादीचा सुईसारखा अंडनिक्षेपक, म्हणजे अंडी घालायची नळी, एका नजरेत मावत नाही, त्याला साधं दहापटीचं भिंग बरं. मधमाशीची नांगी मात्र सुरेख दिसली, आकड्यांसकट. नांगी म्हणजे बदललेला अंडनिक्षेपकच. नर का डसत नाही ते मुलांना न सांगता कळलं.

पाचव्या महिन्यात केबल मुळाशी तुटली. विकणाऱ्यानं "केबल वॉरंटीत येत नाही" म्हणून हात वर केले. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यानं ६० रुपयांत डाग दिला, तेव्हापासून चालू आहे, फक्त वायर डावीकडे वळवायची नाही.