ग्वारी माठ : व्हार्निश नसलेलाच निवडावा

नायजेरियाची राजधानी अबुजा येथे राहणाऱ्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी मातीचे भांडे शोधणाऱ्या मराठी कुटुंबांना जवळच्या क्वाली भागातील ग्वारी या स्थानिक समाजाच्या पद्धतीचा माठ मी मनापासून सुचवेन. रस्त्याकडेच्या विक्रेतीकडून घेतलेल्या माझ्या माठात हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत पाणी उत्तम गार होते. पावसाळ्यात हवा दमट झाली की फरक फारसा जाणवत नाही.

या माठाचे खरे वैभव त्याच्या नक्षीत आहे. ग्वारी स्त्रिया चाक वापरत नाहीत. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, भांड्याभोवती स्वतः फिरत त्या ते घडवतात आणि माती ओली असतानाच खाचा पाडलेला छोटा रूळ फिरवून ठशांचे पट्टे उमटवतात. मधल्या जागेत सरडे, विंचू, मगरी कोरलेल्या असतात. माझ्या माठावरील सरडा पोटाच्या गोलाईबरोबर असा वळला आहे की तो सपाट कागदावर काढताच आला नसता. ठशांच्या खरखरीतपणामुळे ओला माठ उचलताना हातातून निसटत नाही, ही सोयही मोलाची आहे.

याच परंपरेतील प्रसिद्ध कुंभार स्त्री लाडी क्वाली यांचे चित्र 20 नायराच्या नोटेवर आहे. 1954 मध्ये त्या तेव्हाच्या अबुजातील, म्हणजे आजच्या सुलेजातील, कुंभारकाम प्रशिक्षण केंद्रात दाखल झाल्या आणि तेथे त्यांनी हेच आकार व हीच चित्रे झिलईदार, उच्च तापमानात भाजलेल्या भांड्यांवर आणली. ती भांडी पाहण्यासाठी अप्रतिम आहेत, मात्र त्यांतून पाणी झिरपत नसल्यामुळे ती माठाचे काम करीत नाहीत.

शहरातील एका भेटवस्तूंच्या दुकानात मात्र साध्या भाजणीच्या माठांवर व्हार्निश चढवून ते दिवाणखान्यासाठी विकले जातात, आणि हे मला अजिबात पटत नाही. त्या थराने मातीची छिद्रे बुजतात, बारीक ठसे भरून जातात आणि किंमत तेवढी वाढते.

घेताना बोटाने टिचकी मारून आवाज ऐकावा. तो बद्द आला तर माठाला तडा असण्याची शक्यता असते. बूड गोल असल्यामुळे तिवई किंवा जाड चुंबळ लागते, आणि विक्रेते ती देत नाहीत.