काम झालं, पैसे कधी? शेवटी एकदम, आगाऊ की टप्प्याटप्प्याने

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी, टाइल बसवणारे. काम कितीही चोख असलं तरी वसुलीच्या वेळी सगळ्यांचीच दमछाक होते. पैसे घ्यायच्या पद्धती मुळात तीन: काम संपल्यावर एकदम, थोडे आगाऊ आणि उरलेले शेवटी, किंवा टप्प्याटप्प्याने. यांतली कुठली घ्यायची हे बरेच जण ग्राहकाच्या बोलण्यावरून ठरवतात. गोड बोलणारा ग्राहक पैसे वेळेवर देतोच असं नाही, म्हणून मी दुसरीच गोष्ट बघेन: कामाच्या कुठल्याही दिवशी स्वतःच्या खिशातले किती पैसे त्या कामात अडकलेले असतील?

त्याआधी एक फरक. वस्तू तुमच्या वर्कशॉपमध्ये आहे की तुम्ही ग्राहकाच्या जागेत काम करताय? दुरुस्तीला आलेलं घड्याळ, गाडी किंवा मोटार मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क अनेक देशांचे कायदे कारागिराला देतात. अशा कामात ‘नेताना पैसे द्या’ एवढं पुरतं. भिंतीत गेलेली वायर आणि बसलेल्या टाइल्स मात्र त्या घराचा भाग झालेल्या असतात. त्या उखडून आणायला गेलात तर पैसे राहतील बाजूला आणि नुकसानीची तक्रार तुमच्यावरच येईल. पुढची सगळी तुलना या दुसऱ्या प्रकारच्या कामांची आहे.

समजा कामाची किंमत 100. त्यात मटेरियल 45, मजुरी 35 आणि तुमचा नफा 20. सगळे पैसे शेवटी घ्यायचे ठरले, तर शेवटच्या दिवशी तुमचे स्वतःचे 80 अडकलेले असतात आणि ग्राहकाला हवं ते मिळालेलं असतं. त्याला घाई उरत नाही. तासा-दोन तासांच्या दुरुस्तीला ही पद्धत उत्तम. तिथे आगाऊ मागणंच विचित्र दिसतं. पण बिल त्याच जागी, निघायच्या आत द्या. आठवड्याने गेलेलं बिल ग्राहकही आठवड्याने उघडतो.

सुरुवातीला 40 आगाऊ घेतले, तर शेवटी अडकतात 40. मटेरियलचा बराचसा खर्च निघतो, पण मजुरीचा सगळा भार तुमच्यावर राहतो. लहान कामाला हे चालतं. ग्राहकाच्या मापाने बनवून घ्यायची वस्तू असेल, म्हणजे कपाट, ग्रिल, खिडकी, तर आगाऊ रकमेत पूर्ण मटेरियल यायलाच हवं, कारण ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. ग्राहकाच्या बाजूनेही बघा: फार मोठी रक्कम आधीच दिली तर काम अर्धवट टाकून माणूस गायब होईल, ही त्याची भीती खोटी नसते. म्हणून ‘ही रक्कम मटेरियलची आहे’ असं कोटेशनवर लिहून दिलं की घासाघीस कमी होते.

टप्प्यांची पद्धत मला मोठ्या कामासाठी सर्वांत पसंत आहे. सुरुवातीला 30, मध्यावर 30, फिनिशिंगला हात घालण्याआधी 30 आणि हस्तांतराच्या वेळी 10. मटेरियल गरजेनुसार आणत गेलात, तर मध्याच्या हप्त्याआधी साधारण 10 ते 20 अडकतात, पुढे ते कमी होत जातात आणि शेवटी 80 खर्चून 90 हातात असतात. उरलेले 10 बुडाले तर नफा घटेल, घरातून पैसे जाणार नाहीत. शिवाय ग्राहकाला काम पुढे सरकायला हवं असतं, तेव्हाच तुम्ही हप्ता मागत असता. फक्त टप्पा तारखेने बांधू नका. ‘15 तारखेला’ म्हटलं की वाद होतो. ‘प्लास्टर पूर्ण झाल्यावर’ हे दोघांनाही डोळ्यांनी दिसतं. आणि हप्ता आला नाही तर काम थांबेल, हेही आधीच लिहिलेलं हवं. नाहीतर थांबलात की करार तुम्हीच मोडला असं होऊ शकतं.

तिन्ही पद्धतींना पोखरणारी गोष्ट एकच: जादा काम. ‘जाता जाता हेही करा’ म्हणून सांगितलेली चार कामं बिलात आली की ‘हे कुठे ठरलं होतं?’ काम करण्याआधी रक्कम लिहून एक मेसेज पाठवायचा आणि ‘हो’ आल्यावर हत्यार उचलायचं. पैसे घ्यायच्या मार्गाबद्दल थोडक्यात: चेक वटेपर्यंत तो कागद असतो, कार्डाचा व्यवहार ग्राहक तक्रार करून उलटवू शकतो, बँकेतून थेट आलेली रक्कम परत खेचणं अवघड.

आता पैसे आधीच थकलेत त्यांच्यासाठी. आधी ग्राहकाला विचारा की अडचण कशाची आहे. काम पसंत नसेल तर तगादा लावून उपयोग नाही. जाऊन बघा, दोष असेल तर दुरुस्त करा आणि तेवढीच बाब वादात ठेवून बाकीची रक्कम मागा. पैसेच नसतील तर लेखी हप्ते बांधून घ्या. त्याने थकबाकी लेखी मान्य केली की पुढे ‘देणं नव्हतंच’ म्हणणं त्याला अवघड जातं, हा मोठा फायदा. पैसे असून देत नसेल, तर मुदत घातलेलं पत्र आणि त्यानंतर कोर्ट.

तडजोड की कोर्ट? 100 पैकी 85 आज मिळत असतील तर मी बहुधा घेईन. मात्र पैसे जमा झाल्यावरच ‘पूर्ण हिशेब चुकता’ असं लिहून द्यायचं, आधी नाही. कोर्टाने तुमच्या बाजूने निकाल, खर्च आणि व्याज असं सगळं दिलं तरी निकाल म्हणजे वसुली नव्हे. समोरच्याकडे जप्त करण्याजोगं काही नसेल तर तो कागद फाइलमध्येच राहतो. वसुली एजन्सी बरीच टक्केवारी कापून घेते, आणि त्यांच्या माणसाने दमदाटी केली तर नाव तुमचं जातं. ज्याच्याशी पुन्हा संबंध ठेवायचा नाही आणि ज्याची ऐपत नक्की आहे, अशाच ग्राहकासाठी हा एजन्सीचा मार्ग.

थकवलेलाच ग्राहक नवं काम घेऊन आला, तर जुनी बाकी आधी. अगदीच सोडवत नसेल, तर त्याने दिलेली पहिली रक्कम जुन्या बिलाला जमा होईल असं त्याच्याकडून लिहून घ्या, आणि नव्या कामाची आगाऊ रक्कम वेगळी मागा.