मालवणच्या हिरव्या पाण्यासाठी डार्कटेबल

अंदमानच्या निळ्याशार पाण्यातले फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सुधारतात. खरी परीक्षा आमच्या मालवणच्या पाण्याची. खाड्यांचा गाळ आणि प्लवक यांमुळे ते हिरवट असतं, त्यात लाल रंग पाणी सगळ्यात आधी शोषून घेतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर पाच-सहा मीटर खाली काढलेला फोटो शेवाळलेल्या काचेतून बघितल्यासारखा दिसतो.

अशा फोटोंसाठी मी डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पण माझं मन जिंकलं ते त्यातल्या कलर कॅलिब्रेशन या रंग सुधारणाऱ्या मॉड्यूलने (डार्कटेबलमधल्या प्रत्येक साधनाला मॉड्यूल म्हणतात). नुसत्या व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पूर्ण फोटोचा रंगतोल बदलून, हिरवं पाणी पुरतं आवरत नाही. टिंट (हिरवा-किरमिजी तोल) पार किरमिजी टोकाला नेला तरी मासा हिरवाच राहतो. कलर कॅलिब्रेशनमध्ये आधी तळाच्या वाळूवर पिकर (रंग टिपायचं साधन) ओढायचा. मग आर (लाल) टॅबमध्ये इनपुट ग्रीनची पट्टी हळूहळू वाढवायची, साधारण ०.३०पर्यंत. म्हणजे लाल चॅनलमध्ये (फोटोतल्या लाल रंगाच्या थरात) थोडा हिरवा मिसळतो. सार्जंट मेजर या पट्टेदार माशाची पोपटी दिसणारी पाठ डोळ्यांदेखत पिवळी होते, काळे पट्टे सुटे उठून दिसतात. हे बघताना मला दर वेळी तेवढाच आनंद होतो!

त्याच वेळी मागचं पाणी मात्र मळकट होतं. त्यावर उपाय पॅरामेट्रिक मास्क, म्हणजे ठरावीक रंगाच्या भागापुरताच बदल ठेवणारी सोय: रंगछटेच्या पट्टीवर पाण्याची हिरवी-निळी छटा वगळायची, की बदल माशापुरताच राहतो. पाणी हिरवं राहिलंच पाहिजे. मालवणचा समुद्र मालदीवसारखा निळा करून टाकणं मला साफ नामंजूर आहे.

फ्लॅशमुळे चमकणारे गाळाचे कण रिटच मॉड्यूलने जातात, पण एकेक टिपत बसावं लागतं. कण दाट असतील तर फोटो सोडून द्यावा. धूसरपणा काढणारं हेझ रिमूव्हल अगदी बेताने वापरायचं. जास्त झालं की माशाभोवती काळोखी येते.

दोन गोष्टी आधीच सांगते. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. ऑलिंपस टीजी-६ सारखा, केसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत जाणारा छोटा कॅमेराही रॉ देतो. जेपेगमध्ये लाल चॅनल ताणला की नुसते ठिपके उरतात. आणि डार्कटेबल पहिल्या दिवशी घाबरवतं. मॉड्यूल्सची रांग संपत नाही, नावंही सोपी नाहीत. पाण्याखालच्या फोटोंना त्यातली पाच-सहाच लागतात. तेवढी क्विक ॲक्सेस पॅनलमध्ये लावून घ्या आणि बाकीच्यांकडे बघूच नका.