ई-मेल हीसुद्धा निर्यातच! धरमपेठेतल्या सल्लागाराचा अनुभव

काटोलच्या संत्राबागांवरून थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन फिरवायचा आणि कुठल्या झाडाला पाणी कमी पडतंय ते हेरायचं, एवढाच आमचा प्रकल्प. भागीदार कॅनडातलं विद्यापीठ. मे महिन्यात तिकडून फॉर्म आला. कॅनडा सरकारने जानेवारी २०२४मध्ये सुरक्षेला धोकादायक वाटणाऱ्या शंभरावर संस्थांची यादी काढली, बहुतेक चिनी, काही रशिया-इराणच्या. त्यांच्याशी आपला संबंध नाही, असं प्रत्येकाने लिहून द्यायचं. ते दिलं. पण आपल्या बाजूने काय लागतं, हे कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं. एका सहकाऱ्याने निर्यात-नियमांचा सल्ला देणाऱ्या, नागपूरच्या धरमपेठेतल्या या काकांचा पत्ता दिला.

पहिल्या मजल्यावर एकच खोली. कूलरचा वारा असा, की आमच्या एमओयूवर त्यांनी आधी स्टेपलर ठेवला. कॅनडाचं नावही न काढता पहिला प्रश्न : "मॅडम, कॅमेरा सेकंदाला किती फ्रेम काढतो?"

"तीस."

त्यांनी स्कोमेट यादीतलं (परवान्याशिवाय निर्यात करता येत नाही अशा वस्तू-तंत्रज्ञानाची भारताची यादी) ८ए६ चं, म्हणजे सेन्सर-कॅमेऱ्यांचं, पान काढलं. नऊ किंवा त्याहून कमी फ्रेमच्या बऱ्याच थर्मल कॅमेऱ्यांना सूट असते, तिसाला ती नाही. भारत डिसेंबर २०१७मध्ये वासेनार व्यवस्थेत, म्हणजे शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटात गेला, यादीतला हा भाग त्या गटाच्या यादीवरूनच घेतलेला. "पण काका, आम्ही कॅमेरा कुठे पाठवतोय?" तर म्हणाले, "बिघडला की दुरुस्तीला पाठवाल ना? आणि यादीतलं तंत्रज्ञान ई-मेलने गेलं, तरी ती निर्यातच." माझा पीएचडीचा पोरगा वर्षभर सगळं भागीदारांबरोबरच्या ड्राइव्हवर टाकत होता! त्या रात्री आम्ही दोघांनी एकेक फोल्डर उघडून पाहिलं. बहुतेक संत्र्याच्या पानांचे फोटो निघाले, जीव भांड्यात पडला.

आता तक्रार. काकांनी आम्हाला दिलेला अहवाल दुसऱ्या कोणाच्या तरी अहवालावरून उतरवलेला. चौथ्या पानावर "चिनी भागीदार संस्थेसाठी गृह व परराष्ट्र मंत्रालयाची पूर्वसंमती" तशीच राहिली. ती अट चीनबरोबरच्या करारांची, आमचा संबंध काय? प्राचार्यांनी नेमकं तेच पान वाचलं आणि सही आठ दिवस लटकली. काकांना फोन केला तर, "अहो, एक पान तर आहे." पान एकच, पण साडेसात हजार मोजले होते, आणि पावतीही मागितल्यावरच मिळाली.

पाचपैकी साडेतीन, तेही त्या फ्रेमच्या प्रश्नासाठी. जाणार असाल तर उपकरणाचं माहितीपत्रक सोबत न्या. माझ्याकडे नव्हतं, म्हणून भर दुपारी तीनच्या उन्हात दुसरी चक्कर पडली.