इटालियनचे इंग्रजी करताना : एरंडवण्यातील एका भाषावर्गाविषयी

पुण्यातील एरंडवण्यातल्या एका छोट्या भाषावर्गात मी इटालियनच्या ए१ आणि ए२ या सुरुवातीच्या दोन पातळ्यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. मिलानला शिकायला निघालेली मुले आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी येणारी माझ्यासारखी माणसे, असा आमचा वर्ग होता. रोजच्या बोलण्यातली वाक्ये घ्यायची आणि त्यांचे इंग्रजी करायचे, ही तिथली मुख्य पद्धत. त्यासाठी दिलेल्या छापील वहीत डावीकडे इटालियन वाक्य असते आणि उजवीकडे इंग्रजीसाठी कोरी जागा.

क्रियापदांचा भूतकाळ बाईंनी ज्या निगुतीने शिकवला, त्याला तोड नाही. ‘मान्जावो’ या एका रूपाचे इंग्रजी ‘आय वॉज ईटिंग’ होईल की ‘आय यूज्ड टू ईट’, हे आजूबाजूची वाक्ये पाहिल्याशिवाय ठरत नाही, म्हणून त्या सुटे वाक्य कधीच देत नसत. ‘कोनोशेवो’ म्हणजे एखाद्याला मी ओळखत होते आणि ‘ओ कोनोशूतो’ म्हणजे त्याच्याशी माझी ओळख झाली. इटालियनमध्ये क्रियापद एकच, काळ तेवढा बदलतो, पण इंग्रजीत ‘न्यू’ सोडून ‘मेट’ हे दुसरेच क्रियापद घ्यावे लागते. या एका मुद्द्यावर त्यांनी पूर्ण दोन तास दिले आणि ते सार्थकी लागले.

माझी तक्रार वेगळी आहे. समोर बसलेले जवळजवळ सगळे मराठी असताना स्पष्टीकरणात मराठीला जागाच नव्हती. ‘मी प्याचे’ या प्रयोगात आवडणारी वस्तू कर्ता असते आणि ‘मी’चा अर्थ ‘मला’ असा होतो. पुस्तके अनेक असली की क्रियापदही अनेकवचनी होऊन ‘मी प्याचोनो’ होते. ‘मला पुस्तक आवडते’, ‘मला पुस्तके आवडतात’ असे जन्मभर म्हणणाऱ्याला यात अवघड काय आहे? तरीही आधी ‘आय लाइक’ लिहायचे आणि मग ते उलटे करून समजून घ्यायचे, असा द्राविडी प्राणायाम आम्ही दोन आठवडे केला. स्त्री ‘सोनो आन्दाता’ म्हणते आणि पुरुष ‘सोनो आन्दातो’, हा ‘गेले’ आणि ‘गेलो’ यांमधलाच भेद आहे. इंग्रजीच्या ‘आय वेंट’मध्ये तो पुसला जातो. कर्माबद्दलचे तृतीयपुरुषी सर्वनाम आधी आले की ‘लो मान्जाता’मध्ये (मी ती खाल्ली) क्रियारूप कर्माचे लिंग घेते, तेव्हा तर मला ‘पोळी खाल्ली, आंबा खाल्ला’ हेच आठवत राहिले.

मराठीचा आधार नसल्यामुळे चुकाही झाल्या. ‘स्तूदियो लितालियानो दा दुए आन्नी’ यात क्रियापद वर्तमानकाळी आहे, जसे ‘दोन वर्षांपासून शिकते आहे’ यात असते. त्यामुळे आमच्यापैकी अनेकांनी ‘आय स्टडी सिन्स टू इयर्स’ लिहिले आणि गुण गमावले. दोन भाषा इथे एकीकडे आहेत आणि ‘हॅव बीन स्टडिंग’ म्हणणारी इंग्रजी दुसरीकडे, एवढे फळ्यावर मांडले असते तरी पुरले असते.

वर्गात मुले मोजकी असतात, वह्या तपासून वेळेवर परत मिळतात, खोली मात्र उन्हाळ्यात फार तापते. इंग्रजी चांगले असलेल्या आणि इटलीला जायची घाई असलेल्या विद्यार्थ्यांना हा वर्ग मी नि:संकोच सुचवेन. बी१ या पुढच्या पातळीसाठी मीही नाव नोंदवले आहे. या वेळी वहीत इंग्रजीच्या शेजारी मराठीचा एक रकाना स्वतःच आखून घेणार आहे.