"बारक्या, जागा आहेस का?" आणि ४२,५०० रुपये

आधी १८,५००, मग २४,०००. एकूण ४२,५०० रुपये, तेवीस मिनिटांत. आकडा लिहितानाही कान गरम होतायत. तरी लिहितोय, कारण "मला कोण फसवतंय?" म्हणणाऱ्यांत मीच सगळ्यांत पुढे असायचो.

प्रकार तुम्हाला पाठ असलेलाच. मित्राच्या नावाचं, मित्राच्याच फोटोचं दुसरं खातं, "जुनं हॅक झालं रे" म्हणून रिक्वेस्ट, रात्री मेसेज, हॉस्पिटल, ॲडव्हान्स, "माझं ॲप अडकलंय, सकाळी देतो". एरवी असल्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून मी ग्रुपवर खिदळलो असतो. पण पहिलंच वाक्य आलं, "बारक्या, जागा आहेस का?"

बारक्या हे माझं कॉलेजातलं नाव. बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. ते वाचलं आणि मी विरघळलो.

आणि नेमकं तिथंच सावध व्हायला हवं होतं! त्या मित्रानं मला बारक्या म्हणणं सोडून दहा वर्षं झाली. माझं पोट सुटल्यापासून मी त्याचा "शेठ" आहे. शिवाय हा गृहस्थ टाइप करतच नाही. "हो" म्हणायचं असलं तरी व्हॉइस मेसेज पाठवतो. इथं मात्र ओळीमागून ओळी, स्वल्पविरामांसकट. पैसे पाठवताना पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं. मी ते वाचलं. विचारलंसुद्धा. "हॉस्पिटलच्या अकाउंटंटचं आहे." बरं म्हणालो आणि पिन टाकला. एक फोन केला असता तर? मध्यरात्री, त्याच्या घरी कुणी आजारी असताना, खातरजमा करायला फोन करायचा संकोच वाटला. तुम्हालाही वाटला असता. तरी करा.

३५,००० ची तिसरी मागणी आली तेव्हा केला फोन. साहेब झोपेतून उठले आणि म्हणाले, "काय शेठ, एवढ्या रात्री?"

नाव कुठून मिळालं ते दोन दिवस उकरत बसलो. २०१२ चा सहलीचा फोटो, माझ्याच खात्यावर, मित्र टॅग केलेला, खाली कुणीतरी लिहिलेलं, "बारक्या, श्वास सोड आता." पब्लिक. म्हणजे चोरानं काही फोडलं नाही, मी उघडं ठेवलेलं वाचलं.

आता कुणी म्हणेल, सेटिंग्ज बघायची नाहीत का? बघितली होती! दोन वर्षांपूर्वी बसून 'पब्लिक'चं 'फ्रेंड्स' केलं होतं. पण तो बदल त्यापुढच्या पोस्टना लागू होतो, जुन्या होत्या तशाच राहतात. फेसबुकवर तर २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बहुतेक नव्या खात्यांची पहिली पोस्ट आपोआप पब्लिकच जायची. तिथं जुनं खातं असेल तर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' (जुन्या पब्लिक पोस्ट एकदम फ्रेंड्सपुरत्या करणारं बटण) शोधा आणि आजच दाबा. फ्रेंड्स लिस्ट 'ओन्ली मी' करा. तेवढ्यानंही भागत नाही, कारण मित्राची यादी उघडी असेल तर तुम्ही तिच्यात दिसताच. आणि दुसऱ्याच्या पोस्टखाली केलेली कमेंट कोण वाचणार हे तो ठरवतो, तुम्ही नाही.

माझं हे ज्या साइटवर घडलं तिचं नाव घेत नाही. खोटं खातं रिपोर्ट केलं. सहा दिवसांनी उत्तर आलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. माझ्या मित्राचा चेहरा, माझ्या मित्राचं नाव, आणि उल्लंघन नाही! बँकेनं अडतीस मिनिटं संगीत ऐकवलं आणि मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पिन तुम्हीच टाकलाय ना?" टाकला, बाई, म्हणूनच फोन केलाय. तोवर पैसे पुढच्या खात्यात गेले होते. (तक्रार क्रमांक मागून घ्या. मी आधी घेतला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.) पोलीस ठाण्यात सांगितलं, चॅटच्या तीन प्रती छापून आणा. आणल्या. मग कळलं, साहेब सुट्टीवर. पुढच्या खेपेला साहेब भेटले, चॅट वाचलं आणि समोरच्या हवालदाराला मोठ्यानं म्हणाले, "हे बघ, शिकलेली माणसं." आणि खोट्या खात्याची तक्रार मित्रानंच द्यायची म्हणे, मी नुसता पैसे घालवणारा. मित्राला वेळ नाही. त्याचे कुठं गेलेत?

चॅट मात्र डिलीट करू नका. रागाच्या भरात मी निम्मं केलं होतं.

ते खोटं खातं अजून चालू आहे. काल त्यात आमचे एकोणीस कॉमन मित्र दिसत होते. आज सकाळी एकवीस.