रक्त नीट काढले, घोळ अहवालात झाला

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचा हा अनुभव आहे. वडिलांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आले होते आणि ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या भागाला विजेचा संदेश उशिरा पोहोचणे, दिसत होता, म्हणून डॉक्टरांनी सीआरटी, म्हणजे तीन तारांचा पेसमेकर, बसवण्याचे ठरवले. साधारण तीनांतील एका रुग्णाला त्याचा अपेक्षित फायदा होत नाही, हेही त्यांनी आधीच सांगितले होते.

त्या धास्तीपोटी आम्ही लॅबचे ‘यंत्र लागू पडेल का’ छापाचे पॅकेज घेतले. त्यात एनटी-प्रोबीएनपीच्या (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) जोडीला गॅलेक्टिन-३ आणि एसटी२ या महागड्या तपासण्या होत्या. हृदयावर किती ताण आहे, स्नायू किती निबर झाला आहे, याचा अंदाज त्यांवरून येतो. परंतु यंत्र बसवावे की नाही हे ईसीजीतील क्यूआरएसची (ठोक्याच्या वेळची विजेची लहर) रुंदी आणि इको यांवरूनच ठरते, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ते पैसे वाया गेल्याचे लक्षात आले.

रक्त काढणाऱ्या मुलाला मात्र पूर्ण गुण. वडिलांची शीर सहजी सापडत नाही. त्याने गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन हातावर ठेवला, बारीक सुई घेतली आणि एकदाच टोचले. नळीवर नावही आमच्यासमोरच लिहिले.

खरा घोळ पुढे झाला. यंत्र बसवण्यापूर्वी एनटी-प्रोबीएनपीचा आकडा २,८४० होता, तीन महिन्यांनी ४१० आला आणि आम्ही पेढेसुद्धा वाटले. डॉक्टरांनी अहवाल पाहताच विचारले, “ही तर बीएनपी आहे, एनटी-प्रोबीएनपी कुठे आहे?” या दोन वेगळ्या तपासण्या, त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, शिवाय वडील हृदयासाठी घेत असलेल्या सॅक्युबिट्रिलच्या गोळीने बीएनपी वाढू शकते, एनटी-प्रोबीएनपीवर तिचा तसा परिणाम होत नाही. योग्य तपासणीत आकडा १,९१० निघाला. सुधारणा होतीच, पण पेढ्यांएवढी नव्हे. किडनी मंदावली तरी हा आकडा चढतो, म्हणून सोबत क्रिएटिनिनही (किडनीची तपासणी) पाहावे लागते, हे तेव्हा कळले.

लॅबने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, दिलगिरीही व्यक्त केली नाही. अहवालावर ‘हृदय मार्कर’ ठळक आणि तपासणीचे नाव मुंगीएवढ्या अक्षरांत, ही पद्धत अजून तशीच आहे. पुढच्या महिन्यात त्याच मुलाला बोलावणार आहोत. तपासणीचे नाव मात्र चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात देऊ.